नागपूरहून शिमानामी काइदो: समुद्रावरच्या पुलांवरून सायकल चालवायची असेल तर हे आधी वाचा

जपानातल्या शिमानामी काइदोचे, म्हणजे बेटाबेटांना जोडणाऱ्या पुलांवरून जाणाऱ्या सायकल रस्त्याचे, फोटो आपल्या सायकल ग्रुपवर टाकले तेव्हापासून रोज कोणी ना कोणी विचारून राहिलं, ताई किती किलोमीटर आहे, चढ किती आहे, आपल्याच्यानं होईल का. होईल. आठवड्यातून दोन-तीनदा अंबाझरी-फुटाळा तलावांची सायकल फेरी करणाऱ्या कोणालाही हा रस्ता झेपतो. पण व्हिसाचं काय, सामान कुठे ठेवायचं, सायकल परत कुठे आणि किती वाजेपर्यंत द्यायची, शाकाहारी माणसानं खायचं काय, हे कोणी विचारतच नाही, आणि ट्रिप बिघडते ती नेमकी ह्याच गोष्टींत. म्हणून सगळं क्रमानं लिहून देते. घाई असेल तर ३, ५ आणि ६ नंबर तरी नीट वाचा.

१) आधी रस्ता डोक्यात बसवा

जपानच्या मुख्य होन्शू बेटावर हिरोशिमा प्रांतात ओनोमिची नावाचं छोटं बंदराचं गाव आहे. समोर शिकोकू बेटावर एहिमे प्रांतात इमाबारी. मधला समुद्र म्हणजे सेतो, चारही बाजूंनी जमीन असल्यामुळे बराच शांत आणि बेटांनी गच्च भरलेला. ह्या दोन गावांच्या मधल्या सहा बेटांना पुलांनी जोडलंय. पूल वीस वर्षांत एकेक करून झाले, शेवटचे १९९९ मध्ये सुरू झाले आणि बेटं एका माळेत आली. गाड्यांचा एक्स्प्रेसवे साधारण ६० किमी आहे, सायकलचा रस्ता साधारण ७० किमी, कारण आपण प्रत्येक बेटावर खाली उतरतो, किनाऱ्याकिनाऱ्याने जातो आणि पुढच्या पुलाला परत वर चढतो.

ओनोमिचीकडून निघालं तर क्रम असा लागतो:

- मुकाइशिमा बेट (इथे पुलाने नाही, फेरीबोटीने जायचं, खाली सांगते)
- इन्नोशिमा पूल, १९८३ चा, १२७० मीटर. मग इन्नोशिमा बेट
- इकुची पूल, १९९१ चा, ७९० मीटर. मग इकुचिजिमा बेट
- तातारा पूल, १९९९ चा, १४८० मीटर. मग ओमिशिमा बेट
- ओमिशिमा पूल, १९७९ चा, ह्या सगळ्यांत जुना, कमानीचा, ३२८ मीटर. मग हाकाताजिमा बेट
- हाकाता-ओशिमा पूल, १९८८ चा. मग ओशिमा बेट
- कुरुशिमा सामुद्रधुनीवरचे तीन झुलते पूल एकाला एक लागून, १९९९ चे, मिळून साधारण ४ किमी. उतरलं की इमाबारी

चढाची भीती बाळगू नका. पूल उंचावर आहेत, खालून मोठी जहाजं जातात, पण सायकलसाठी वेगळे रॅम्प बांधलेत आणि त्यांचा चढ ३ टक्क्यांच्या आसपास ठेवलाय, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की तीन मीटर वर. झाडीतून वळणं घेत हळूहळू वर नेतात. धाप लागते ती गिअर न बदलता जोर लावणाऱ्यांना. खरे चढ दोनच, ते ओशिमा बेटावर, तेही फार लांब नाहीत.

रस्ता चुकायची भीती तर अजिबातच नको. डांबरी रस्त्याच्या कडेला निळी रेघ मारलीय ती अख्खा रस्ता सोबत असते आणि दर किलोमीटरला इमाबारी किती राहिलं, उलट बाजूने ओनोमिची किती राहिलं हे रस्त्यावरच लिहिलेलं आहे. रेघ दिसेनाशी झाली की थांबा, मागे या, एवढंच.

आणि हो, जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालायचं. युरोपात सायकल चालवताना डोक्याला जो ताण येतो तो इथे नाही.

२) कधी जायचं

मार्चअखेर ते मे, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जूनमध्ये त्यांचा पावसाळा लागतो तो जुलैच्या मध्यापर्यंत, ऑगस्ट-सप्टेंबरात वादळं येतात आणि दमटपणा इतका की नागपूरच्या मे महिन्यातलं कोरडं ऊन परवडलं. जोराचं वारं असलं की पूल सायकलींना बंद करतात, म्हणून वादळाच्या दिवसांत जाऊच नका.

एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानात सलग सुट्ट्या असतात. त्या आठवड्यात सायकल मिळत नाही, खोली मिळत नाही, मिळालीच तर दुप्पट भावात. आपल्याकडे शाळांना सुट्या लागल्या म्हणून अनेकजण नेमके तेच दिवस पकडतात. ते टाळा.

माझी पसंती नोव्हेंबर. संत्र्याच्या जातीची फळं झाडांवर रंग धरायला लागतात आणि हवा आपल्या डिसेंबरच्या सकाळसारखी असते. फक्त सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा निघायचं लवकर.

३) व्हिसा आणि कागदपत्रं

नागपूर मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतं. अर्ज थेट दूतावासात करायचा नसतो, व्हीएफएस ह्या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून जातो. १ एप्रिल २०२४ पासून भारतीयांना टूरिस्ट व्हिसा ई-व्हिसा म्हणून मिळतो, म्हणजे पासपोर्टवर स्टिकर लागत नाही. फी आणि फोटोची साईज त्यांच्या चेकलिस्टमध्ये बघा आणि तीच चेकलिस्ट प्रिंट काढून एकेक खूण करत जा.

साधारण हे लागतं:

- पासपोर्ट, आणि जुना असेल तर तोही
- भरलेला फॉर्म, फोटो
- येण्याजाण्याच्या विमानाचं बुकिंग
- प्रत्येक रात्रीचं हॉटेल बुकिंग
- दिवसवार कार्यक्रम, कोणत्या तारखेला कोणत्या गावात आणि मुक्काम कुठे
- बँक स्टेटमेंट आणि इन्कम टॅक्स रिटर्न
- नोकरी असेल तर रजेचं पत्र, धंदा असेल तर त्याची कागदपत्रं
- थोडक्यात कव्हर लेटर, कशासाठी चालले आणि खर्च कोण करणार

इथे अडकतात ते तारखांमध्ये. विमानाची तारीख एक, हॉटेलची दुसरी आणि कार्यक्रमात तिसरीच, असं झालं की प्रश्न येतात नाहीतर अर्ज लांबतो. तिन्ही कागद समोरासमोर ठेवून एकदा घरच्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, आपल्या नजरेला आपलीच चूक दिसत नाही. सायकलच्या मधल्या रात्रीचा मुक्काम बेटावर असेल तर तेही त्यात स्पष्ट लिहा.

दुसरा घोळ ई-व्हिसा दाखवण्यात होतो. तो मोबाईलवर त्यांच्या वेबसाईटवर जाऊन, इंटरनेट चालू ठेवून लाइव्ह दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ, प्रिंट हे धरत नाहीत. म्हणून चेक-इनच्या वेळी नेट असलं पाहिजे आणि जपानात उतरल्यावरही, तर ई-सिम नाहीतर रोमिंग आधीच चालू करून घ्या. लॉगिनचा पासवर्ड लिहून ठेवा. विमानतळावरच्या फुकट वायफायच्या भरवशावर राहू नका, ओटीपी येत नाही आणि मागे रांग वाढते.

इमिग्रेशन आणि कस्टमचा फॉर्म 'व्हिजिट जपान वेब'वर घरूनच भरून ठेवा, क्यूआर कोड मिळतो.

ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या, पण घेताना पॉलिसीत सायकलिंग चालतं का ते लेखी विचारा. काही पॉलिस्या त्याला साहसी खेळ धरतात आणि क्लेम नाकारतात.

४) नागपुरातली तयारी

आपलं गाव सपाट, तेव्हा चढाची सवय मुद्दाम करावी लागते. सेमिनरी हिल्सचा चढ फुटाळ्याकडून चढा, उतरा, परत चढा. एका सकाळी असं थोडंफार करता आलं तर पुलांचे रॅम्प सोपे वाटतील.

अंतरासाठी रामटेक. शहरातून रामटेक एका बाजूने पन्नासेक किमी पडतं. एखाद्या रविवारी पहाटे निघून खिंडसीपर्यंत जाऊन परत आलात की शिमानामीच्या एका दिवसापेक्षा जास्तच झालं. हायवेवर ट्रकांचा त्रास असतो, ग्रुपनेच जा, मागे लाल लाईट लावून.

ह्या राइडमध्ये पायांपेक्षा बूड आणि हात जास्त तपासा. नवशिक्यांचं दुखतं ते तिथेच. पॅडवाली चड्डी आणि हातमोजे इथूनच घेऊन जा, चार-पाच राइडमध्ये वापरून मगच न्या. नवी कोरी चड्डी जपानात पहिल्यांदा घालू नका.

५) विमान, ट्रेन आणि दोन ओनोमिचींचा घोळ

नागपूरहून जपानला थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्ली गाठायची, तिथून पुढे. ह्या ट्रिपसाठी ओसाकाचं कान्साई विमानतळ सोयीचं पडतं. स्वस्त मिळालं म्हणून नागपूर-मुंबई वेगळं तिकीट आणि पुढचं वेगळं तिकीट घेतलं तर मधे भरपूर वेळ ठेवा, पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी काही ऐकून घेत नाही. हिवाळ्यात धुक्यामुळे असं होतच राहतं. जमलं तर एकाच पीएनआरवर सगळं काढा.

ओसाकाहून शिन-ओसाका स्टेशनवर शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) पकडा, फुकुयामाला उतरा, त्यातल्या जलद नोझोमी गाडीने तासाभराच्या आसपास लागतं. फुकुयामाहून सान्यो लाइनची साधी लोकल, वीसेक मिनिटांत ओनोमिची.

आता घोळ. मॅपवर 'शिन-ओनोमिची' नावाचं शिंकान्सेन स्टेशन दिसतं आणि आपल्याला वाटतं बुलेट ट्रेन थेट जाते तर मधे कशाला उतरायचं. ते स्टेशन गावापासून दूर, डोंगराच्या मागच्या अंगाला आहे, तिथे फक्त सगळीकडे थांबत जाणारी कोदामा थांबते आणि तिथून बंदरावर यायला परत बस शोधावी लागते. फुकुयामालाच उतरा. ओनोमिचीचं साधं स्टेशन अगदी पाण्यासमोर आहे, बाहेर पडलं की भाड्याच्या सायकलींचं टर्मिनल चालत काही मिनिटांवर.

देशभराचा जेआर (जपान रेल्वे) पास ह्या ट्रिपसाठी घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ पासून ७ दिवसांचा पास ५०,००० येन झालाय, एवढ्याशा प्रवासात वसूल होत नाही. ओसाका-हिरोशिमा भागापुरते छोटे प्रादेशिक पास मिळतात, हिरोशिमाही बघायचं असेल तर त्याचा हिशोब करून बघा.

शिंकान्सेनमध्ये बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंमीच्या वर गेली तर तशी जागा असलेली सीट आधी रिझर्व्ह करावी लागते. आपल्या लग्नाला नेतो तसल्या मोठ्या बॅगा असतील तर घरीच टेपने मोजा.

६) सायकल: तिथेच भाड्याने घ्या

इथून सायकल नेण्याचा मोह होतो, विशेषतः ज्यांनी महागडी घेतलीय त्यांना. पहिल्या वेळी नेऊ नका. विमानात बॉक्स, ट्रेनमध्ये पूर्ण खोलून पिशवीत भरणं (नुसती सायकल ट्रेनमध्ये चढवू देत नाहीत), परत जोडणं, ह्यात दोन दिवस जातात.

ह्या रस्त्यावर सरकारी-सहकारी पद्धतीची भाड्याच्या सायकलींची टर्मिनल बेटाबेटांवर आहेत. एका टर्मिनलवर घेतलेली साधी सायकल दुसऱ्या टर्मिनलवर सोडता येते, आणि नवख्यांसाठी हाच ह्या रस्त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे. म्हणजे मधेच पाय भरून आले, पाऊस आला, मूल कंटाळलं, तर त्या बेटावर सायकल जमा करायची आणि बोटीने किंवा बसने पुढे. इकुचिजिमा बेटावरच्या सेतोदा गावाहून ओनोमिचीला तर सायकलसकट नेणारी बोटही आहे.

ह्यात चार गोष्टी सांभाळा.

एक, ऑनलाइन बुकिंग आधी करा. शनिवार-रविवारी पोहोचून मागाल तर बास्केटवाली आजीबाईंची सायकल तेवढी उरलेली असते.

दोन, ई-बाईक आणि डबलसीट सायकल प्रत्येक टर्मिनलवर सोडता येत नाही, त्यांचे नियम वेगळे असतात. बुक करतानाच विचारा. आईबाबांसाठी ई-बाईक घेऊन दुसऱ्या टोकाला गेलात आणि तिथे घेतली नाही तर परत चालवत आणावी लागेल.

तीन, टर्मिनलं संध्याकाळी लवकर बंद होतात, काही तर पाचलाच. तुमच्या टर्मिनलची वेळ फोनमध्ये लिहून ठेवा. सायकल भाड्याची, बंद दारासमोर ठेवून ट्रेन पकडायची सोय नाही.

चार, चांगली रोड बाईक हवी असेल तर ओनोमिचीच्या धक्क्यावर जुन्या गोदामात केलेलं ओनोमिची यू-टू आहे, तिथे जायंट ह्या सायकल कंपनीचं दुकान आहे, इमाबारीलाही त्यांचं दुकान आहे. तिथे उंचीप्रमाणे फ्रेम देतात, महाग पडतं. सायकलची सवय असलेल्यांनीच त्या भानगडीत पडावं, बाकीच्यांना टर्मिनलची क्रॉस बाईक पुरते.

सायकल हातात आली की लगेच निघू नका. सीटची उंची, दोन्ही ब्रेक, पुढचा लाइट, कुलूप, घंटी बघा, गिअर सगळे एकदा टाकून बघा आणि मोबाईलवर फोटो काढा, आधीचे ओरखडे असतील तर.

मोठी बॅग? ती सायकलवर न्यायचीच नाही. जपानात ताक्युबिन नावाची सोय आहे, हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्या, पुढच्या हॉटेलचा पत्ता द्या, साधारण दुसऱ्या दिवशी तिथे पोहोचते. ओनोमिचीत सकाळी बॅग द्यायची, आपण एक रात्र बेटावर राहायचं, दुसऱ्या संध्याकाळी इमाबारीच्या हॉटेलात बॅग आपल्या आधी हजर. पाठीवर फक्त एक रात्रीचे कपडे, पासपोर्ट, रेनकोट. पासपोर्ट बॅगेत घालून पाठवू नका, परदेशी पाहुण्यांनी तो जवळ बाळगणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे.

७) एका दिवसात करू नका

हे मी अगदी आग्रहाने सांगते. ७० किमी एका दिवसात होतात, आपल्या ग्रुपमधले बरेच जण त्याहून जास्त करतात. पण मग पूल मोजायचे आणि पुढे पळायचं, बेटं राहूनच जातात. हा रस्ता बेटांचा आहे. पूल तुम्हाला एका गावातून दुसऱ्या गावात नेतात आणि त्या गावांत म्हातारी माणसं फळबागांत काम करत असतात, रस्त्याच्या कडेला लाकडी खोक्यात लिंबं-संत्री ठेवलेली असतात, शेजारी डबा. दुकानदार नाही. डब्यात नाणं टाकायचं आणि पिशवी उचलायची. आम्ही घेतलेल्या पिशवीत पाच फळं होती, एकाच्या देठाला अजून हिरवं पान लागलेलं होतं, सोलल्यावर बोटांना वास आपल्या मृग बहाराच्या संत्र्याचाच, चव मात्र जास्त आंबट. संत्र्याच्या गावच्या माणसाला तिथे थांबून चार फळं खायला वेळ नसेल तर कसं व्हायचं?

दोन दिवस घ्या. ओनोमिची ते सेतोदा तीसेक किमी, मुक्काम, मग उरलेले चाळीसेक.

८) पहिला दिवस: ओनोमिची ते सेतोदा

ओनोमिचीहून मुकाइशिमाला पूल आहे, पण अरुंद आणि गाड्यांचा, सायकलने त्यावरून जाऊ नका असंच सगळे सांगतात. समोर फेरीबोट आहे, पाचेक मिनिटांत पार. तिकीट अगदी किरकोळ, पण रोख नाणी लागतात, तेव्हा खिशात सुट्टे ठेवा.

मुकाइशिमाचा किनारा संपत आला की इन्नोशिमा पूल येतो. इथे एक गंमत आहे ती कोणी आधी सांगत नाही. गाड्या वरच्या मजल्यावरून जातात आणि सायकली खालच्या मजल्यावरून. दोन्ही बाजूंना जाळी, डोक्यावर लोखंडी तुळया, वरून ट्रक गेला की सांध्यांवर धाड-धाड असा आवाज पुढे सरकत जातो आणि हँडलमध्ये बारीक थरथर येते. पहिल्यांदा दचकायला होतं. जाळीतून खाली बघितलं की मच्छीमारांच्या बोटी. फोटो काढायचा तर कडेला पूर्ण थांबा, मार्ग पायी चालणाऱ्यांचाही आहे.

पुलांवर सायकलींचा टोल बरीच वर्षं माफ केलाय, ही सवलत मुदतीमुदतीने वाढवतात. निघायच्या आधी चालू आहे का बघून घ्या. नसली तरी सगळे पूल मिळून ५०० येन. टोलचे डबे असतात, माणूस नसतो, सुट्टेच टाकावे लागतात. मोटारसायकलींची लेन काही पुलांवर वेगळी आहे, पाटीवरचं चित्र बघूनच आत शिरा.

इन्नोशिमा हे हास्साकू नावाच्या संत्र्याच्या जातीचं मूळ गाव. त्याची फोड आत भरलेली मोची मिळते, मऊ तांदळाच्या पिठाची, शाकाहारींनाही चालणारी. ती खा.

इकुची पूल उतरलं की इकुचिजिमा, लिंबांचं बेट. सेतोदा गाव इथेच. दुपारी तीनपर्यंत पोहोचायचं ठेवा म्हणजे कोसानजी मंदिर बघता येईल. एका उद्योगपतीने आईच्या आठवणीसाठी १९३६ पासून ते बांधायला घेतलं, रंगीबेरंगी दरवाजे आहेत आणि मागे टेकडीवर इटलीहून आणलेल्या पांढऱ्या संगमरवराचं मोठं अंगण आहे. उन्हात डोळे दिपतात, गॉगल न्या. सूर्यास्ताला किनाऱ्यावर जा, सनसेट बीच म्हणून आहे, पश्चिमेला तोंड.

संध्याकाळी सहा-सातनंतर बेटांवरची दुकानं पटापट बंद होतात. रात्रीच्या जेवणाची सोय मुक्कामाच्या जागी आधी ठरवा नाहीतर उजेड असतानाच काहीतरी विकत घेऊन ठेवा.

९) दुसरा दिवस: सेतोदा ते इमाबारी

साडेसात-आठला निघा. पुढे तातारा पूल. त्याचा मधला गाळा ८९० मीटर, सुरू झाला तेव्हा केबलने ताणलेल्या पुलांमध्ये जगातला सगळ्यात लांब होता. मनोऱ्याखाली थांबायची जागा आहे, तिथे टाळी वाजवा. आवाज दोन खांबांच्या मधे आपटत आपटत वर चढत जातो. आमच्यासोबतच्या वहिनी तिथून हलायलाच तयार नव्हत्या, एकेकाला धरून टाळ्या वाजवायला लावत होत्या.

उतरल्यावर ओमिशिमा. पार्कमध्ये सायकलवाल्यांचं स्मारक-शिळा आहे, सगळे फोटो काढतात, तुम्हीही काढा. पायात दम असेल तर इथून ओयामाझुमी देवस्थानाला जाऊन या, येऊन-जाऊन पंधराएक किमी वाढतात. खूप जुनं कापराचं झाड आहे आणि सामुराई योद्ध्यांनी वाहिलेली चिलखतं-शस्त्रं ठेवलेलं संग्रहालय आहे. वेळ कमी असेल तर हे सोडा, ओशिमाचे चढ बाकी आहेत.

हाकाताजिमा छोटं, तिथलं मीठ प्रसिद्ध आहे आणि त्या मिठाचं आइस्क्रीम मिळतं. पाणी इथे भरून घ्या.

ओशिमाला दोन घाट. पहिल्यातच जोर संपवू नका. उतरून हातात सायकल धरून चाललात तरी कोणी बघत नाही. वर किरोसान नावाचा डोंगर आहे, ३०८ मीटर, म्हणजे आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेवढं उंच आहे जवळपास तेवढा, पण इथे ते सगळं समुद्रापासून थेट चढायचं. कुरुशिमाच्या पुलांचा सगळ्यात भारी देखावा तिथून दिसतो. सवय असलेल्यांनीच जा, बाकीच्यांनी पुलावरूनच बघा.

आणि मग कुरुशिमा. चार किलोमीटर पाण्यावर, साठ-सत्तर मीटर उंचीवर, वाऱ्यात. हा शेवटी येतो म्हणूनच मी ओनोमिचीकडून निघायला सांगते. वारं बाजूने येतं, हँडल घट्ट पण खांदे सैल ठेवा, टोपी असेल तर आत टाका. मधे कुठेतरी थांबून खाली बघा. इथला भरती-ओहोटीचा प्रवाह इतका जोरकस की पाण्यावर मोठमोठे गोल भोवरे उमटतात आणि विरतात, आणि प्रवाह कुठल्या दिशेने आहे त्यावरून जहाजांनी कोणत्या बाजूच्या मार्गाने जायचं ते बदलतं. आपल्यासारख्यांना, ज्यांनी पाणी म्हटलं की तलाव नाहीतर कन्हान पाहिली, समुद्र असा नदीसारखा वाहताना बघणं फार वेगळं आहे. पंधरा मिनिटं तरी द्या.

१०) खाण्याचं

मांसाहारी असाल तर हा भाग सोडून द्या, तुमची चंगळ आहे.

शाकाहारींनी एक गोष्ट लक्षात ठेवायची, 'दाशी'. माशाचा अर्क. सूपमध्ये, नूडल्समध्ये, भाजीत, सगळीकडे. ताटात मासा दिसत नाही म्हणजे ते शाकाहारी झालं असं नाही. ओनोमिचीचे रामेन नूडल्स प्रसिद्ध आहेत पण त्यात डुकराची चरबी असते. दुकानात हे म्हणा: "निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन", मांस आणि मासे खात नाही. त्याहून चांगलं म्हणजे 'मांस, मासे, दाशी नको' असं जपानी लिपीत फोनवर लिहून दाखवा. बेटांवर इंग्रजी फार चालत नाही, पण माणसं मदतीला तत्पर असतात.

सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्टमध्ये भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, त्यातला उमेबोशी म्हणजे आंबट फळाचा घ्या, पाकिटावरचं फोनने भाषांतर करून तपासा. केळी, ब्रेड, दाणे, दही मिळतं. मोठ्या बेटांवर असं दुकान सापडतं, पण दर वळणावर नाही.

इथून नेण्यासारखं: थेपले किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, गरम पाणी टाकून होणारा उपमा-पोहे, हल्दीरामची पाकिटं. मांसाचं काहीही आणि ताजी फळं नेऊ नका, कस्टमला अडवतात, बॅगेत राहिलेलं एखादं संत्रंसुद्धा.

कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी दोन्ही दिवसांचं पूर्ण जेवण सोबतच बांधून न्यावं, दुसरा इलाज नाही.

११) नियम, थोडक्यात

- हेल्मेट घाला. १ एप्रिल २०२३ पासून सगळ्या वयाच्या सायकलस्वारांनी ते घालावं असा कायदा आहे. भाड्याने मिळतं.
- सायकल चालवताना फोन हातात नको. १ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षा कडक केलीय, तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो. दारू पिऊन तर नाहीच नाही. १ एप्रिल २०२६ पासून नियम मोडणाऱ्या १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या सायकलस्वारांना जागेवर दंडाची पावतीही.
- दोघांनी शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवायचं नाही, एकामागे एक. आपल्या ग्रुपला हे फार जड जातं, पण पाळा.
- अंधार पडला की लाइट सक्तीचा. बोगद्यातही लावा.
- कचऱ्याचे डबे रस्त्यावर नसतात, पिशवी सोबत ठेवा.
- पोलीस ११०, अॅम्ब्युलन्स ११९.

पैसे: येन नागपुरात लगेच हातात मिळेलच असं धरू नका, फॉरेक्सवाल्याला आठवडाभर आधी सांगून ठेवा. कार्डावर आंतरराष्ट्रीय वापर ॲपमधून चालू करा, सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून पैसे निघतात. बेटांवर रोखच जास्त लागते, त्यातही नाणी.

१२) इमाबारीत पोहोचल्यावर

पूल उतरलात की लगेच सनराइज इतोयामा टर्मिनल लागतं. थकलेला माणूस तिथेच सायकल सोडतो आणि मग कळतं की ट्रेनचं स्टेशन अजून सहा-सात किमी आहे. ट्रेन पकडायची असेल तर सायकल स्टेशनजवळच्या टर्मिनलला सोडायचं ठरवा, आणि तिथली बंद व्हायची वेळ गाठता येईल असंच निघा. इतोयामालाच मुक्काम करणार असाल तर मग उत्तमच, तिथे राहायची सोय आहे आणि संध्याकाळी पूल समोर दिसतो. इमाबारी टॉवेलसाठी नावाजलेलं आहे, नातेवाइकांना द्यायला हलकी वस्तू होते, बॅगेत मावते.

पुढे तीन वाटा. ओकायामापर्यंत एक्स्प्रेस ट्रेन, दोनेक तास, तिथून शिंकान्सेनने ओसाका. किंवा मात्सुयामाला जाऊन दोगोच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय मोकळे करायचे, तिथे स्नान कपडे काढूनच असतं, बायका-पुरुषांचं वेगळं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. किंवा शेजारच्या साइजो गावातल्या तोयो बंदरातून ऑरेंज फेरीची रात्रीची बोट, झोपेतच ओसाका गाठता, एका रात्रीचं हॉटेल वाचतं. त्या बोटीत केबिन हवी असेल तर वीकेंडचं बुकिंग बरंच आधी करा, आणि इमाबारीहून तोयो बंदरापर्यंत कसं जायचं तेही त्याच वेळी ठरवून टाका, रात्री तिथे ऑटो मिळत नाही.